कबुतराचा पुतळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना क्रिकेटचा मनापासून तिटकारा होता, असं त्यांच्या घरच्यांनी मला आज दुपारी जेवताना सांगितलं. तोवर विषय पत्रिकेत छापून झाला होता. तेव्हा पहिली क्षमा त्यांचीच मागतो. माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल, की मी खेळाडूबद्दल बोलणार नाही. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो आयुष्यभर कुंपणाच्या अलीकडे, गवतावर बसला. त्याचा धंदा ससे विकण्याचा होता.

पण ससेवाल्याकडे जाण्याआधी एका शोकसभेत जाऊन येऊ.

आपल्याकडे शोकसभेची एक वेगळी बोली आहे. गेलेला माणूस भांडखोर असेल तर तो ‘परखड’ होतो. चारचौघांत अपमान करणारा ‘स्पष्टवक्ता’ होतो. ज्याच्या तोंडाला कुणी लागत नसे त्याच्याबद्दल ‘फटकळ होते, पण मनात काही नसायचं’ असं म्हणतात, आणि फणसाचा दाखला तर ठरलेलाच. काटे बाहेर, गरे आत. बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि फोटोला घातलेल्या हाराआडून तो गृहस्थ दोघांकडे बघत असतो.

आमच्या गावच्या मैदानावर असे एक गृहस्थ होते. सामना कुठलाही असो, पिंपळाखालच्या पारावर त्यांची जागा पक्की. मुलांच्या सामन्यालाही ते येत आणि मोठ्यांसारखेच मुलांनाही सोलून काढत. त्यांच्या एकेका शेऱ्यावर अख्खं मैदान खिदळायचं. मीही खिदळलो आहे, आणि एकदोनदा त्या हशाच्या मधोमध बॅट काखेत मारून खाली मान घालून परतलोही आहे. ते गेले तेव्हा शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. त्या सभेतून घरी आलो आणि सिडनीच्या या ससेवाल्याबद्दल जे मिळेल ते वाचायला लागलो, एवढंच आत्ता सांगून ठेवतो.

त्याचं नाव स्टीफन हॅरल्ड गॅस्कॉइन. जन्म १८७८, सिडनीतल्या रेडफर्नचा. जगात त्याला कुणी या नावाने ओळखत नाही. तो यॅबा. तिकडच्या बोलीत सारखी बडबड करण्याला जो शब्द आहे, त्यातून हे नाव आलं असं म्हणतात. घोड्याच्या गाडीवर सोललेले ससे टांगून तो बाल्मेनच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचा. इथे थोडं थांबतो, कारण ससा हा ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातला विलक्षण प्राणी आहे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेसाठी दोन डझन ससे सोडले, आणि काही दशकांत त्यांनी खंडाचं गवत फस्त केलं. शेतकऱ्याच्या मुळावर आलेला हा प्राणी शहरातल्या गरिबाच्या ताटात मात्र स्वस्त मटण होऊन पडला. मंदीच्या दिवसांत किती घरांच्या चुली त्याच्यावर चालल्या. हे ससे दारोदार विकणाऱ्यांना ‘रॅबिटो’ म्हणत. साउथ सिडनी या तिथल्या रग्बी क्लबचं टोपणनाव आजही तेच आहे.

म्हणजे यॅबाचा आवाज मैदानावर तयार झालेला नव्हता. तो गल्लीत तयार झाला होता. दुसऱ्या मजल्यावर भांडी घासणाऱ्या बाईला खिडकीत आणायचं, तर जो आवाज लागतो तो. आपल्याकडच्या भाजीवाल्यांना, बोहारणींना, कल्हईवाल्यांना ही विद्या येत होती. छातीतून निघालेली आरोळी, शेवटचं अक्षर लांबवलेलं, आणि गिऱ्हाईक हसेल असं काहीतरी मध्येच पेरलेलं. आठवडाभर तो या आवाजावर पोट भरी आणि सामन्याच्या दिवशी तोच आवाज फुकट वाटी.

सिडनी क्रिकेट मैदानाच्या एका अंगाला तेव्हा गवताचा एक उतार होता. त्याचं नाव ‘हिल’. डोक्यावर छप्पर नाही, बसायला खुर्ची नाही, तिकीट स्वस्त. सभासदांच्या पॅव्हिलियनमध्ये कोट-टोप्या, आणि हिलवर गोदीतले, कारखान्यांतले, गाडीवाले. हिलवरच्या लोकांनी खेळाडूंना, पंचांना, कधीकधी पॅव्हिलियनलाही उद्देशून शेरे मारायचे, याला ऑस्ट्रेलियन माणसं ‘बॅरॅकिंग’ म्हणतात. ‘हुर्यो उडवणं’ हा आपला शब्द जवळचा आहे, पण पुरा नाही. हुर्यो झुंडीची असते. बॅरॅकिंगमध्ये एकटा माणूस बोलतो आणि झुंड त्याला हसून दाद देते. कीर्तनकार आणि टाळकरी म्हणा हवं तर.

यॅबाचे शेरे आजही छापले जातात. स्वैर मारा करणाऱ्या गोलंदाजाला तो म्हणे, तुझी लेंग्थ गचाळ आहे, पण विड्थ काय सुंदर टाकतोस! फलंदाज खांबासारखा उभा राहिला की म्हणे, तू पुतळा असतास आणि मी कबुतर असतो तर किती बरं झालं असतं. यातला प्रत्येक शेरा त्याचाच, असं मी शपथेवर सांगणार नाही. आपल्याकडे शहाणपणाची प्रत्येक गोष्ट बिरबलाच्या नावावर जमा होते आणि प्रत्येक हजरजबाब अत्र्यांच्या. सिडनीत ते खातं यॅबाच्या नावाने आहे. पण खातं उघडायला मुद्दल लागतं, आणि ते त्याच्याजवळ होतं.

ते मुद्दल म्हणजे खेळाची जाण. लेंग्थची कोटी करायला लेंग्थ कळावी लागते. फलंदाज कधी जपून खेळतोय आणि कधी नुसता घाबरलाय, हे लांबून ओळखावं लागतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तिथे पाय चुकीचा पडला की चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोचायच्या आत शेरा पोचतो.

आता दुसरी बाजू, आणि तिचा मुंबईशी थेट संबंध आहे. डग्लस जार्डिन यांचा जन्म १९०० सालचा, मुंबईचा. वडील इथे वकिली करत. लहानपणीच मुलाला स्कॉटलंडला नातेवाइकांकडे धाडलं. हाच मुलगा १९३२-३३ मध्ये इंग्लंडचा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियात गेला आणि ब्रॅडमनला रोखण्यासाठी वेगवान गोलंदाज लार्वुडकरवी अंगावर मारा करवला. ती बॉडीलाइन मालिका. मालिकेआधीच्या दौऱ्यापासूनच जार्डिन यांची रंगीबेरंगी हार्लेक्विन टोपी हिलच्या डोळ्यांत सलत होती. त्यांनी ती काढली नाही. प्रेक्षकांकडे बघितलंही नाही. सिडनीत ते तोंडावरच्या माश्या हाकलत होते तेव्हा यॅबा ओरडला म्हणतात, आमच्या माश्यांना हात लावू नकोस, जार्डिन. या देशात तेवढेच तुझे सोबती आहेत.

मला हा शेरा अतिशय आवडतो. तरीही तो जार्डिन यांच्या बाजूने ऐकून पाहावा. त्यांचं क्रिकेट मला पटत नाही, पण नव्वद वर्षं आपण ही गोष्ट सांगताना फक्त हिलवर बसलेलो असतो. त्या दौऱ्यावर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्यात ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांच्या या सवयीसाठी एक वेगळं प्रकरण आहे. ज्याला काही लागत नाही तो माणूस प्रकरण लिहीत नाही.

त्याच मालिकेचा पहिला सामना सिडनीत झाला आणि त्यात इंग्लंडकडून खेळणाऱ्या पतौडीच्या नवाबांनी, इफ्तिखार अली खानांनी, पदार्पणात १०२ धावा केल्या. पाच तासांच्या वर लागले. हिलची चुळबुळ सुरू झाली. पंच होते जॉर्ज बॉरविक. तेव्हा घरोघरचे गॅसमीटर नाणं टाकलं की चालत. यॅबाने पंचांना सल्ला दिल्याचं सांगतात, जॉर्ज, त्याच्यात एक पेनी टाक, मीटर बंद पडलाय. राजा असो की रंक, हिलच्या दृष्टीने धावा काढत नाही तो सारखाच. हा त्या गवतावरचा समतावाद होता. मला तो मोलाचा वाटतो. (पतौडींना पुढच्या सामन्यानंतर संघातून वगळण्यात आलं, पण ते हिलमुळे नव्हे, जार्डिनमुळे.)

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, जार्डिन संघ घेऊन आपल्या जन्मगावी आले. बॉम्बे जिमखान्यावर हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या आणि लोक मैदानात धावले. त्या गर्दीत एखादा यॅबा होता का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. असणारच.

प्रेक्षकांतला मोठा माणूस म्हटला की आणखी एक नाव आठवतं. श्रीलंकेचे पर्सी अबेसेकरा. हातात झेंडा, तोंडात गाणी, प्रतिस्पर्धी खेळाडूंशीही गोड. आशिया चषकासाठी कोलंबोत असताना आपला रोहित शर्मा त्यांच्या घरी जाऊन भेटून आला. त्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, ते ८७ व्या वर्षी गेले. अशा माणसाला निरोप देणं सोपं असतं. डोळे आपोआप भरतात आणि जे बोलाल ते खरंच असतं. यॅबाचं तसं नाही. तो काहींना सिडनीचा आत्मा वाटे आणि काहींना सिडनीची लाज. सभ्य वर्तमानपत्रांतून बॅरॅकिंगविरुद्ध लिहून येई. शिकलेली माणसं म्हणत की अशांमुळे परदेशात आपलं नाव खराब होतं. आणि खरं सांगायचं तर दोन्ही मतं एकाच माणसाच्या मनात नांदत असत. घरी टीका करायची आणि मैदानावर त्याच्या जवळ जागा धरायची.

ज्यांच्यावर शेरे पडत त्यांच्यातही फरक होता. इंग्लंडचे फलंदाज जॅक हॉब्ज यांच्या शेवटच्या दौऱ्यात, १९२८ च्या डिसेंबरात, सिडनी कसोटीच्या दिवसांत त्यांचा ४६ वा वाढदिवस आला. सिडनीकरांनी वर्गणी काढून त्यांना भेट दिली. हॉब्ज मैदानाला फेरी मारायला निघाले, हिलपाशी थांबले, आणि यॅबाला शोधून त्याच्याशी हात मिळवला, अशी आठवण सांगतात. या हस्तांदोलनावर मी खूप विचार केला आहे. त्यात हॉब्ज यांचा मोठेपणा आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हॉब्ज त्याला शोधू शकले. तो कुठे बसतो हे माहीत होतं. त्याचा चेहरा माहीत होता, नाव माहीत होतं, धंदा माहीत होता. उद्या एखाद्या खेळाडूला त्याच्याशी हात मिळवायचा नसता, कॉलर धरायची असती, तरी तो तिथेच सापडला असता. आपल्या शेऱ्याखाली तो सही करत होता, म्हणा ना.

१९३५ च्या जानेवारीत इंग्लंडच्या बायकांचा संघ सिडनीत कसोटी खेळला. स्त्रियांच्या कसोटी क्रिकेटचा तो पहिलाच मोसम. वार्ताहर यॅबाच्या आसपास घोटाळत होते, कारण आता तो काय बोलतो यावर अग्रलेख निघणार होता. तो गप्प बसला. विचारलं तेव्हा म्हणाला, त्या नीट खेळताहेत, त्यांना खेळू द्या. नवख्याची थट्टा करायची नाही एवढं तारतम्य त्याला होतं. आमच्या पारावरच्या गृहस्थांना ते नव्हतं.

८ जानेवारी १९४२ ला यॅबा गेला. वय ६३. जपानी फौजा मलायातून सिंगापूरकडे सरकत होत्या, मोठं क्रिकेट बंद पडलं होतं, सिडनीला स्वतःचीच काळजी होती. त्याच्यासाठी मैदानावर मिनिटभर स्तब्धता पाळली गेली म्हणतात. ज्याने त्या मैदानावर एक मिनिट शांतता टिकू दिली नाही त्याला शांततेने निरोप. एखाद्या चाहत्याने त्या मिनिटात काहीतरी ओरडायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

नंतर हिलही गेली. गवतावर एकेक करून स्टँड उभे राहिले, आणि उरलेल्या जागेवर व्हिक्टर ट्रम्परच्या नावाचा स्टँड आला. २००८ च्या डिसेंबरात त्या स्टँडमध्ये, साधारण यॅबा जिथे बसे तिथे, त्याचा ब्राँझचा पुतळा बसवला. डोक्यावर चपटी टोपी, एक हात तोंडाशी, ओरडण्याच्या पवित्र्यात. कॅथी वाइझमन या शिल्पकार बाईंनी तो घडवला. ज्याला कबुतर व्हायचं होतं त्याचाच पुतळा झाला. सिडनीची कबुतरं आता काय करत असतील ते मी या व्यासपीठावरून बोलणार नाही.

हा पुतळा मला पटतोही आणि खटकतोही. पटतो, कारण मैदानं खेळाडूंच्या पुतळ्यांनी भरलेली असताना कुणाला तरी ससेवाला आठवला. खटकतो, कारण पुतळ्याला आवाज नसतो. तोंडाशी हात नेलेला यॅबा शेजारच्या लहान मुलीला घाबरवत नाही. त्याच्या बाटल्या घरंगळत नाहीत. सीमारेषेवर उभ्या असलेल्या, आज सकाळीच आईचं पत्र आलेल्या पोराला तो काही म्हणत नाही. आपण शोकसभेत ‘परखड’ म्हणतो, त्यांनी ब्राँझमध्ये म्हटलं, एवढाच फरक.

आणि नेमकं त्याच मैदानावर पुढे काय घडलं? जानेवारी २०२१. करोनामुळे मोजकेच प्रेक्षक आत सोडले होते. मोहम्मद सिराज सीमारेषेवर उभा. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आल्यावर त्याचे वडील गेले होते आणि तो परत न जाता खेळत राहिला होता. त्याच्यावर आणि बुमराहवर प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शेरे पडल्याची तक्रार शनिवारी झाली. रविवारी पुन्हा झाली. सिराज पंचांकडे गेला, कर्णधार अजिंक्य रहाणे त्याच्या बाजूला उभा राहिला. खेळ काही मिनिटं थांबला, सहा जणांना उठवून बाहेर काढलं. मैदान सोडायची मुभा पंचांनी देऊ केली तेव्हा रहाणेने नकार दिला, असं सिराजने पुढे सांगितलं. चौकशीअंती ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने शिवीगाळ झाल्याचं मान्य केलं. मात्र बाहेर काढलेले ते सहा जण त्यातले नव्हते, असंही म्हटलं. म्हणजे बोललं कोण, ते राहूनच गेलं.

यॅबाच्या पुतळ्यासमोरच्या मैदानावर हे घडलं. तुम्ही म्हणाल, यॅबाचा यात काय दोष? त्याचा दोष नाही. पण ‘मैदानावर असं चालायचंच’ ही मुभा कुठून आली, हा प्रश्न राहतो, आणि तो आपण सिडनीला विचारून हात झटकू शकत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्या वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला पाहून लोकांनी माकडचाळे केले. छायाचित्रं निघाली, पोलिसांनी काहींना धरलं. आधी असं काही झालंच नाही, असं म्हणणारेही आपल्यात बरेच होते. त्याच वानखेडेवर मार्च २००६ मध्ये सचिन इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद होऊन परतला तेव्हा त्याची हुर्यो उडवली होती. मुंबईच्या पोराची, मुंबईत. या दोन प्रकारांना मी एका पारड्यात घालत नाही. हुर्यो खेळावर होती, माकडचाळे कातडीवर होते. पण दोन्ही वेळा शेऱ्याखाली सही नव्हती. हॉब्ज असते तरी त्यांना हात मिळवायला कुणी सापडलं नसतं.

यॅबाच्या बाजूने मी एवढंच म्हणेन. तो माणूस काय करतोय यावर बोलायचा, आणि ते करणारा कोण आहे यावर क्वचितच. जार्डिन प्रकरणात ही रेषा पुसट झाली, हे मला मान्य आहे. माश्यांचा शेरा क्रिकेटवर नाही. तो एका परक्या, एकट्या माणसावर आहे, आणि तो एकटा आहे म्हणूनच विनोद लागू पडतो. आपण त्याला हसतो, कारण जार्डिन बलवान होते, कर्णधार होते, आणि त्यांनी मालिका ४-१ ने जिंकली. तोच शेरा सिराजला मारला असता तर?

आता शोकसभा. ती सांगायचं कबूल केलं होतं.

सभागृहात शंभरेक माणसं असतील. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले. परखड, स्पष्टवक्ते, फणस, सगळं झालं. मग मागच्या बाकावरून आमच्याबरोबर खेळणारा एक जण उठला. फोटोकडे बघून त्याने त्या गृहस्थांची नक्कल सुरू केली. तोच आवाज, तोच शब्द लांबवण्याचा हेल. चौदाव्या वर्षी पहिल्या सामन्यात याच्या हातून झेल सुटला होता तेव्हाचा शेरा त्याने जसाच्या तसा म्हणून दाखवला. सभागृह फुटलं. गृहस्थांच्या पत्नीही पदर तोंडाला लावून हसल्या. हशा ओसरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, “त्यानंतर मी मैदानावर खेळायला आलो नाही. बघायला मात्र रोज यायचो. त्यांच्या शेजारी बसायचो. आता पारावर कुणाच्या शेजारी बसायचं ते कळत नाही.” आणि तो खाली बसला.

काही क्षण कुणीच काही बोललं नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. काकू उठल्या, मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि त्याला म्हणाल्या, “त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नव्हते रे.”

खरं की खोटं, ते काकूच जाणोत. तो डोळे पुसत म्हणाला, “मग सांगायचं ना त्यांनी.”